बळीला ओवाळणाऱ्यांची तक्रार

डिसेंबर २०२० मध्ये सैफ अली खान एका मुलाखतीत बोलून गेला, की ‘आदिपुरुष’मधला रावण माणसासारखा दिसेल, बहिणीचं नाक कापलं गेलं म्हणून त्याने सीतेला पळवलं, ही त्याची बाजूही चित्रपटात येईल. झालं, रान पेटलं. मुंबईतले आमदारही मैदानात उतरले. काही दिवसांतच सैफने माफी मागितली आणि शब्द मागे घेतले. जून २०२३ मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यातला रावण ना माणूस वाटला ना राक्षस. त्याच्या केशरचनेची तेवढी टिंगल झाली.

चित्रपट लोक विसरले, पण त्या निमित्ताने उगाळलेली तक्रार दर दसऱ्याला नव्याने ऐकू येते. खलनायकाला नायक करण्याची खोड हॉलिवूडची, असं ही तक्रार सांगते. तिकडे ‘मॅलेफिसन्ट’, ‘व्हेनम’, ‘जोकर’, ‘क्रुएला’ निघाले आणि त्यांचं बघून आपल्याकडच्या कॉमिकवाल्यांना नि कादंबरीकारांना चेव आला. आनंद नीलकंठन यांनी २०१२ मध्ये ‘असुर’ लिहून रावणाला बोलतं केलं. त्याआधी वर्षभर, मुंबईच्या विवेक गोयल यांनी विजयेंद्र मोहंती यांच्या लेखणीला आपल्या चित्रांची जोड देऊन ‘रावणायन’ नावाची कॉमिक-मालिकाच सुरू केली. आपल्या परंपरेत चांगल्या-वाइटाची रेघ ठळक होती, ही मंडळी ती पुसताहेत आणि पोरांची डोकी बिघडवताहेत, असा एकूण सूर.

यातलं एकही विधान तपासायला घेतलं की हातात राहत नाही. उलट ज्या ठळक रेघेचा एवढा अभिमान, तिचा सगळ्यात कडक नियम झाला तो अमेरिकेत.

ते साल १९५४. फ्रेड्रिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं. कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगार होतात, हा त्याचा सिद्धांत. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली, तिचं नाव ‘कॉमिक्स कोड’. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल अशा रीतीने गुन्हा दाखवायचा नाही, प्रत्येक गोष्टीत अखेर चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, असे तिचे नियम होते. संहितेचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर विक्रेते अंक ठेवायला तयार नसत. लाट पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पोचली आणि तिथे कायदा झाला. त्यापुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, भारताच्या संसदेनेही अल्पवयीनांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध तशाच धर्तीचा कायदा केला. ‘खलनायकाची कीव येता कामा नये’ हा दंडक रामायणातून आलेला नाही. तो न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी धंदा वाचवण्यासाठी काढलेला तोडगा होता आणि लंडनमार्गे दिल्लीत उतरला.

अमेरिकेतही तो कायमचा टिकला नाही. ‘एक्स-मेन’मधला मॅग्नेटो १९६३ मध्ये आला तेव्हा सरळसोट दुष्ट होता, जगावर राज्य करायचं, एवढंच त्याचं ध्येय. १९८१ मध्ये क्रिस क्लेरमाँट या लेखकाने त्याला भूतकाळ दिला. तो नाझींच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा निघाला. त्याचे गुन्हे त्यामुळे माफ झाले नाहीत, पण आपल्यासारख्यांची पुन्हा कत्तल होऊ देणार नाही या त्याच्या हट्टाचं मूळ वाचकाला कळलं, आणि दुष्टाव्याची ती गोष्ट पहिल्यांदाच भीतिदायक झाली. कॉमिक्स कोडचा शिक्का वापरणारे शेवटचे मोठे प्रकाशक २०११ मध्ये बाजूला झाले. इकडे ‘रावणायन’ सुरू झालं तेही २०११ मध्येच. योगायोग एवढाच की अमेरिकेने टाकून दिलेला नियम आपण त्याच सुमारास आपली सनातन परंपरा म्हणून छातीशी धरू लागलो होतो.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर तो मराठीच्या माजघरात आहे. विमलसूरींचं ‘पउमचरिय’ हे जैन रामायण ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची पूर्वज. या ग्रंथाची सुरुवातच शंकेने होते. रावण मांस खाणारा राक्षस होता, कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपायचा, हे कसं शक्य आहे? मग जी कथा येते तिच्यात रावण विद्याधर कुळातला पराक्रमी राजा आहे, जिनभक्त आहे. त्याला दहा तोंडंही नाहीत. लहानपणी गळ्यात घातलेल्या रत्नहारात चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसली, म्हणून तो दशमुख. इच्छा नसलेल्या स्त्रीला हात लावणार नाही, असं त्याचं व्रत आहे. तो सीतेला पळवतो, चुकतो आणि मरतोही. पण रामाच्या नव्हे, लक्ष्मणाच्या हातून. शेकडो वर्षांपूर्वीच्या या कवीने रावणाची चूक झाकली नाही आणि त्याला राक्षसही ठरवलं नाही. त्याने हॉलिवूड पाहिलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. संस्कृतातही भासाच्या नावावर असलेलं ‘ऊरुभंग’ घ्या. मांड्या मोडून रणांगणात पडलेला दुर्योधन तिथे आपल्या लहानग्या मुलाला मांडीवर घेऊ शकत नाही, एवढ्या एका दुःखावर नाटक उभं आहे.

आता ही तक्रार जरा कल्याणच्या पुढच्या लोकलमध्ये बसवून पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ओळीने येणारी ही तीन शहरं. पण इथे एकाच दिवशी निदान तीन दसरे असतात. सिंधी आणि उत्तर भारतीय वस्त्यांत रावण जळतो. बदलापूर गावठाणात आणि आसपासच्या आगरी-कुणबी पाड्यांत आपट्याचं सोनं लुटलं जातं, शस्त्रं-अवजारं पूजली जातात. तिथल्या जुन्या दसऱ्यात रावणाला कामच नाही. सीमोल्लंघन, शमी, आपटा असा मराठी दसऱ्याचा मामला आहे आणि पुतळा जाळण्याची प्रथा इकडे उत्तरेतून आली. तिसरा दसरा बौद्ध वस्त्यांतला. १९५६ च्या अशोक विजयादशमीला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली, तिची आठवण म्हणून तिथे निळे आणि पंचरंगी झेंडे लागतात. या तिन्हींतला कुठला दसरा ‘आपली परंपरा’ आणि कुठला परका, हे ठरवायला तक्रारदारांनी एकदा या मार्गावरून फिरून यावं. अंबरनाथला उतरलात तर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं शिवालय आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. शिवालयांत त्या दिवशी हमखास म्हटलं जाणारं ‘शिवतांडव स्तोत्र’ परंपरेने कुणाच्या नावावर आहे? रावणाच्या. जाळायचा तोच आणि आळवायचा तोच, यात भक्तांना कधी विसंगती वाटली नाही. घारापुरीच्या लेण्यांतही कैलास हलवणारा रावण शिल्पकारांनी शिवाच्या पायाशी आदराने कोरला आहे.

उल्हासनगरच्या सिंध्यांची तर अख्खी श्रद्धा एका बदललेल्या खलनायकावर उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी तळ होता. फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घर, शेत, नदी सगळं मागे राहिलेल्या या लोकांना प्रा. राम पंजवानींसारख्यांनी झुलेलालच्या नावाने पुन्हा एकत्र बांधलं. झुलेलालची कथा अशी, की ठट्ट्याचा राजा मिर्खशहा हिंदूंना धर्म बदलायला भाग पाडतो. लोक सिंधूकाठी चाळीस दिवस अनुष्ठान करतात. नसरपूरला रतनराय आणि देवकी यांच्या पोटी उदेरोलाल, म्हणजेच झुलेलाल, जन्म घेतो. राजाचा वजीर अहिरियो त्याला मारायला जातो आणि भक्त होऊन परततो. शेवटी खुद्द मिर्खशहा नमतो. त्याचं डोकं उडवलं जात नाही, त्याचा पुतळाही जाळला जात नाही. सिंधमधल्या उदेरोलालच्या स्थानावर हिंदू आणि मुसलमान दोघंही माथा टेकवत आले आहेत. फाळणीने ज्यांचं सर्वस्व नेलं त्यांनी आपल्या मुख्य कथेतला जुलमी राजा सुधारलेलाच ठेवला. दर वर्षी कॅम्प पाचच्या चालिया मंदिरात चाळीस दिवसांचा उपवास होतो, तेव्हा हीच कथा सांगितली जाते. खलनायक माणसात आणल्याने समाजाची नीती ढासळते म्हणणाऱ्यांनी ही कथा त्या मंदिरात बसून ऐकावी.

मराठी घरात तरी काय वेगळं आहे? पुराणातला बळी असुर आहे, देवांचा शत्रू आहे आणि त्याला पाताळात घालण्यासाठी विष्णूला अवतार घ्यावा लागला. कथेचा साचा पाहिला तर तो खलनायकच. पण दिवाळीत बलिप्रतिपदेला बायका ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत ओवाळतात, ते कुणासाठी? वामनासाठी नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त हाच धागा पकडला आणि बळीला न्यायी राजा, खंडोबा-जोतिबांना त्याचे अधिकारी आणि वामनाला आक्रमक ठरवलं. पुढे तर शेतकऱ्यालाच ‘बळीराजा’ म्हणायची रीत पडली, आणि आज मंत्र्यांच्या भाषणांतही तो शब्द बिनदिक्कत येतो. जे पुढारी रावणाची बाजू मांडणाऱ्यावर गुन्हा नोंदवा म्हणतात, तेच पाडव्याच्या शुभेच्छांच्या फलकावर बळीराजाला वंदन करतात.

म्हसोबाचं उदाहरण याहून गमतीचं. नवरात्रात नऊ दिवस महिषासुराला मारणाऱ्या देवीचा जागर होतो. त्याच गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा बसलेला असतो आणि पेरणीआधी त्याला नारळ फोडला जातो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायपीट करून म्हसोबा आणि महिषासुर यांचं नातं उलगडलं. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त ते वाचायला मिळतं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची मूर्तीच पूजेत आहे, दर दसऱ्याला तिची बातमी येते. कोकण-गोव्यात वेताळ हा भुतांचा राजा गावाचा राखणदार आहे. या सगळ्यांना कुठल्या विदेशी स्टुडिओने नायक केलं?

वेताळाचं नाव निघालं म्हणून मुलांच्या बिघडण्याकडे वळायला हरकत नाही. ‘चांदोबा’ वाचून मोठ्या झालेल्या पिढ्या महाराष्ट्रात काही थोड्या नाहीत. त्यातली विक्रम-वेताळाची मालिका आठवा. प्रेतात शिरलेला वेताळ भयानक, आणि विक्रमाला त्याला आणायला पाठवणारा साधू पूज्य, अशी सुरुवात. मूळ कथामालेच्या शेवटी मात्र साधूच राजाचा बळी द्यायला टपलेला निघतो आणि वेताळ त्याला सावध करून वाचवतो. शिवाय वाटेत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न असतो, की चूक कुणाची? उत्तर सोपं असलं तर मजाच जाते. आठ-दहा वर्षांची पोरं हे सगळं पचवत होती, आणि साधूंवरचा त्यांचा विश्वास उडाल्याची नोंद कुठे सापडत नाही. १९६४ मध्ये टाइम्स समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढले आणि त्यांत ली फॉकचा फँटम आणला. हिंदीत त्याला नाव दिलं गेलं ‘वेताल’. सज्जनांचा कैवारी असलेल्या कॉमिकमधल्या नायकाला भुताचं नाव द्यायला संपादकांना काही वाटलं नाही आणि पालकांनीही मोर्चा काढला नाही.

मग मुलांच्या मनातली ती ठळक रेघ आली कुठून? बरीचशी ‘अमर चित्र कथा’मधून. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका मनावर घेतली. दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना ग्रीक देवांची नावं आली, पण रामाची आई कोण ते सांगता येईना, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पै यांच्या कामाचं मोल मोठं आहे. ज्या घरांत पुराण सांगणारी आजी नव्हती तिथे त्यांनी पुराण पोचवलं. पण बत्तीस पानांत गोष्ट बसवायची तर गाळणी लागतेच. देव गोरे किंवा निळे, असुर काळे, दांत बाहेर आलेले, पोट सुटलेले. अभ्यासकांनी यावर पुस्तकं लिहिली आहेत. बत्तीस पानांची ही सोय पुढे परंपरा म्हणून मिरवू लागली आणि १९८७ च्या दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’ने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्याच १९६७ साली मराठीत काय घडत होतं पाहा. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. कौरवांच्या बाजूने लढलेला, द्रौपदीच्या विटंबनेत सामील असलेला कर्ण तिने घराघरांतला नायक केला. आणि त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं, ज्यात त्याच कर्णाची कसलीही भीडभाड न ठेवता झाडाझडती आहे. दोन्ही पुस्तकं मराठी वाचकाने डोक्यावर घेतली. एकाच कपाटात ती शेजारी-शेजारी राहिली. ज्याने दोन्ही वाचली तो गोंधळला नाही. त्याला भांडायला मुद्दे मिळाले.

काळ्या-पांढऱ्यावर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांनी बदलापूरकडेही पाहावं. श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ हा चित्रपट २०१५ चा, मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीवर बेतलेला. दरोड्यात बायको आणि मूल गमावलेला रघू सूडासाठी बदलापुरात येऊन राहतो. वरुण धवनचा चेहरा नायकाचा, म्हणून प्रेक्षक त्याच्यासोबत निघतो. पण रघू ज्यांना मारतो त्यांतल्या बाईचा त्या हत्येशी संबंध नसतो. कर्करोगाने पोखरलेला खुनी लायक, म्हणजे नवाजुद्दीन सिद्दिकी, शेवटी रघूचे गुन्हे स्वतःच्या अंगावर घेतो. खलनायकाला नायक केल्याचा आरोप या चित्रपटावरही करता येईल. प्रत्यक्षात त्याने प्रेक्षकाला एवढंच विचारलं, की सूड घेणाऱ्याला तू इतका वेळ टाळ्या का वाजवत होतास?

नऊ वर्षांनी त्या गावावर खरा आघात झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी फुटली, लोकांनी दिवसभर रेल्वे रोखून धरली. संताप रास्त होता. पोलिसांनी तक्रार नोंदवायला केलेला उशीरही तितकाच संतापजनक होता. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. लगेच मुंबईत फलक लागले; त्यांवर हातात बंदूक घेतलेले तत्कालीन गृहमंत्री होते आणि मजकूर होता ‘बदला पुरा’. कॉमिकचं मुखपृष्ठच. दुष्ट मेला, नायकाने नळीतून निघणारा धूर फुंकला, अंक संपला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. खटला चाललाच नाही. पुरावा उलटतपासणीत उभा राहिला नाही आणि तक्रार का दाबली गेली, हा प्रश्न मागे पडला. आरोपीविषयी कुणी कणव बाळगावी असं इथे अजिबात म्हणायचं नाही. पण खलनायकाची बाजू ऐकल्याने समाज बिघडतो, असं म्हणणाऱ्यांनी ती न ऐकल्याने काय-काय झाकलं जातं तेही मोजावं.

तक्रारदारांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. बाजू ऐकणं आणि वकीलपत्र घेणं यांत फरक आहे. प्रदीप दळवींचं ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ १९९८ मध्ये रंगमंचावर आलं, काही प्रयोगांतच थांबवलं गेलं आणि २००१ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला वाट मोकळी केली. बंदी चूक होती. पण नाटक म्हणून त्याचं दुखणं हेच, की बोलतो तो एकटा नथुराम; त्याला तोलामोलाचं उत्तर देणारं कुणी समोर नाही. क्लेरमाँटच्या मॅग्नेटोसमोर एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेवियर असतो, विमलसूरींच्या रावणासमोर त्याचं स्वतःचं व्रत असतं. खलनायकाला माणूस करताना त्याच्या बळींची माणुसकी गाळली, की ती रंगसफेदी होते. टॉड फिलिप्सने २०१९ च्या ‘जोकर’मध्ये ही सीमा जवळपास ओलांडली होती, २०२४ च्या दुसऱ्या भागात त्याने जोकरला नायकपण नाकारलं, तर चाहतेच रुसले आणि चित्रपट आपटला.

रंगसफेदी न करता खलनायक कसा उतरवून ठेवायचा, याचा सगळ्यात भक्कम नमुना मराठीतच आहे, आणि तो कॉमिकचा नाही, दप्तरांचा आहे. आज संभाजी महाराजांबद्दल ब्र काढायची कुणाची छाती नाही. पण शे-दीडशे वर्षं मराठी नाटक-कादंबऱ्यांत त्यांची प्रतिमा व्यसनी, रंगेल, बापाचं राज्य बुडवणारा पोरगा अशीच होती. तिचं एक मोठं मूळ मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीत. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांची. लिहिणाऱ्याच्या घराण्याची जखम मात्र ताजी होती; त्याचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये संभाजीराजांच्या हुकमावरून हत्तीच्या पायी दिलं गेलं होतं. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं ‘राजसंन्यास’ याच वाटेने गेलं. ही प्रतिमा मोडली वा. सी. बेंद्र्यांनी. जवळपास चार दशकं कागद धुंडाळून १९६० मध्ये त्यांनी चरित्र छापलं. मग कमल गोखल्यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आला, आणि त्यानंतर, १९७९ मध्ये, सावंतांची ‘छावा’. आधी पुरावा आणि मग प्रतिभा, असा क्रम होता. मधल्या काळात वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहून बाप-लेकाच्या दुराव्यात दोघांनाही माणूस ठेवलं.

याचीच दुसरी बाजूही पाहायला हवी. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रातोरात उखडून मुठेत टाकला गेला. बेंद्र्यांनी कागदांनी जिंकलेली लढाई दुसऱ्या कुणी पहारीने पुन्हा लढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ प्रदर्शित झाला, गर्दी लोटली. खलनायक म्हणून शतकभर सोसलेला राजा अखेर कोट्यवधींचा नायक झाला. पण नायक एवढा उजळला की अंधार टाकायला कुणीतरी हवंच होतं. ते वाट्याला आलं गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या. शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. पुढच्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. तिची कारणं एकट्या चित्रपटात शोधणं भाबडेपणाचं ठरेल, पण त्या दिवसांतल्या वादावर त्याची छाया होती, हे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलून दाखवलं.

म्हणून ज्यांना काळजी करायचीच आहे त्यांनी रावणायनं काढणाऱ्यांची सोडावी आणि शिर्क्यांवर एखादं कॉमिक निघतं का ते पाहावं. साहित्य आयतं आहे. गणोजी हा येसूबाईंचा भाऊ आणि शिवाजी महाराजांचा जावई. दाभोळचं वतन हवं होतं, मिळालं नाही, मोगलांना जाऊन मिळाला. संगमेश्वरी राजा पकडला गेला त्यात त्याचा हात किती, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. आणि मग कथेला वळण मिळतं ते जिंजीच्या वेढ्यात. राजाराम महाराज आत अडकलेले, बाहेर मोगलांची फौज आणि त्या फौजेत हाच गणोजी. त्याला फोडायला जातो खंडो बल्लाळ चिटणीस. हत्तीच्या पायी गेलेल्या बाळाजी आवजींचा हा मुलगा. बापाला मारणाऱ्या राजाची आणि त्या राजाच्या भावाची चाकरी त्याने सोडलेली नाही. गणोजी किंमत सांगतो तीच, दाभोळ. ते वतन आता खंडो बल्लाळच्याच नावावर आहे. तो ते लिहून देतो, गणोजी वाट काढून देतो आणि राजाराम महाराज जिंजीतून निसटतात. पुढे याच खंडो बल्लाळच्या वंशातला मल्हार रामराव बखर लिहायला बसतो आणि संभाजीराजांना काळं फासतो. या चौकटींत दांत बाहेर आलेला, पोट सुटलेला माणूस कुठला, ते चित्रकाराने तक्रारदारांनाच विचारावं आणि ते ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याच्यापासून अंक पहिला सुरू करावा.